टॉवर इतके वाढले, तरी आडनाव ऐकून नकार का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नवरा-बायको ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याचं घर शोधताय. आजूबाजूला टॉवरच टॉवर, रात्री निम्म्या खिडक्यांत दिवा नाही. तरी एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो आणि दहा मिनिटांनी कळवतो की मालकानं दुसऱ्याला शब्द दिलाय. घरं कमी पडतात म्हणून समाजवार वस्त्या पडतात, असं तुम्ही ऐकलं होतं. मग इतकी घरं असताना हे का, आणि घरं आणखी वाढली की हे थांबेल का, की मुळात लोकांना आपापल्यातच राहायला आवडतं?

मी वकील आहे. भाडेकरार, पागडीचे (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या, नाममात्र भाड्याच्या कायमच्या भाडेकरूपणाचे) दावे, सोसायट्यांमधले वाद आणि पुनर्विकासाचे करारनामे ही माझी रोजची कामं. त्यामुळे उत्तर देताना मी कागदाकडे आधी बघतो, मनाकडे नंतर. मन महत्त्वाचं नाही असं नाही. पण एकाच मनाचा माणूस घर विकताना एक वागतो, भाड्यानं देताना दुसरं आणि सोसायटीच्या कमिटीत बसला की तिसरंच. हे मी इतक्यांदा पाहिलंय की नुसत्या 'मानसिकते'वर बोट ठेवून मला थांबता येत नाही.

माझं म्हणणं असं. घरांची संख्या ठरवते की निवडणाऱ्याला किती चोखंदळ राहता येईल. पण निवडणारा कोण असेल, हे ठरतं त्या घरावर कोणत्या प्रकारचा हक्क आहे त्यावरून: पागडी, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना), सोसायटीची मालकी, म्हाडाची (सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाची) सोडत की झोपडपट्टी पुनर्वसन. संख्येवर खूप बोललं जातं. दुसऱ्या बाजूकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांना कोडं पडतं.

आधी त्या अंधाऱ्या खिडक्या. खिडकीत दिवा नाही याचा अर्थ घर बाजारात आहे असा होत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं बंद आढळली, आणि त्याच जनगणनेत बृहन्मुंबईची जवळजवळ ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत होती. म्हणजे घरं आहेत, पण ज्यांना हवीत त्यांच्यासाठी नाहीत. ही बंद घरं बहुतेक गुंतवणुकीची. दीड कोटीच्या फ्लॅटला महिना पस्तीस-चाळीस हजार भाडं येतं, वर्षाला जेमतेम तीन टक्के. मालकाची कमाई भाड्यात नाही, ती वाढत्या भावात आहे. 'योग्य' भाडेकरू मिळेपर्यंत घर दोन महिने रिकामं ठेवलं तर त्याचं पाऊण लाखाचं नुकसान होतं, आणि दीड कोटीपुढे ते त्याला जाणवत नाही. आडनाव बघून नकार देणं आपल्याकडे इतकं स्वस्त पडतं. हेच घर भाड्यावरच चालणाऱ्या, शे-दोनशे फ्लॅट सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेचं असतं, तर रिकामं घर तिला खटकलं असतं. आपल्याकडे असे मालक जवळजवळ नाहीतच. सगळे सुटे-सुटे, एकेका फ्लॅटचे धनी.

ते का नाहीत, याची मुळं जुनी आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळच्या टंचाईत त्यामागचा हेतू रास्त होता. पण ती गोठवण अनेक दशकं उठली नाही, आणि भाड्यासाठी चाळी बांधणारा वर्गच हळूहळू या धंद्यातून बाहेर पडला. मग लोकांनी भाडेकरूऐवजी 'लायसन्सी', म्हणजे नुसत्या परवान्यावर राहणारा, ठेवायला सुरुवात केली. त्यावर कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्या मालकांनी अकरा महिन्यांसाठी खोली दिली होती, त्यांची खोली कायमची गेली. त्यांतले बरेचसे आज हयात नाहीत, पण त्यांची मुलं-नातवंडं माझ्या टेबलापलीकडे बसतात आणि तोच धाक बोलून दाखवतात.

तो संवाद जवळपास ठरलेला असतो. मालक म्हणतो, "वकीलसाहेब, आपल्यातलाच बघतोय." मी विचारतो, का? "आपल्यातला असला की वेळेवर निघतो. नाही निघाला तर त्याच्या काकाला, मामाला सांगता येतं." म्हणजे कोर्टाकडून जी हमी मिळेल अशी खात्री नाही, ती तो जातीकडून मागतोय. यात पूर्वग्रह नसतो असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा तोच असतो आणि काका-मामा नुसतं निमित्त. पण जिथे खरोखर ताब्याची भीती असते, तिथे कागद पक्का करून दिला की मालक नरमतो, हेही मी पाहतो. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं. त्यासाठी करार नोंदणीकृत हवा. ताबा न सोडण्याची जी प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यांत मला जात-धर्माचा काही नमुना दिसलेला नाही. दिसतो तो नोंदणी न केलेला करार, तोंडी वाढवलेली मुदत आणि रोखीत घेतलेलं डिपॉझिट.

आता सोसायटी. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची, गावदेवीची सारस्वत. त्यानंतरही अनेक संस्था समाजाच्या पायावर उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यात वावगं काही वाटत नव्हतं. गावाकडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसांना एकमेकांच्या भरवशावर कर्ज काढून घर बांधायचं होतं, आणि भरवसा समाजातच होता. गिरणगावातल्या गावकीच्या (एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या) खोल्याही याच वाटेनं भरल्या. पण तेव्हाची परस्परांची मदत आता वारशानं आलेली मालमत्ता झाली आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी (सोसायटीचा अंतर्गत नियम) वैध ठरवला, संघटन स्वातंत्र्याच्या आधारे. हा निकाल मला मनापासून खटकतो. संघटना म्हणून एकत्र येणं वेगळं आणि शहराच्या जमिनीचा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या इतरांना बंद ठेवणं वेगळं.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य सोसायट्यांचे उपविधी मात्र असे नाहीत. सहकार कायद्याच्या कलम २३ मध्ये खुल्या सदस्यत्वाचं तत्त्व आहे, पुरेसं कारण दिल्याशिवाय पात्र माणसाला नाकारता येत नाही. भाडेकरू ठेवताना आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीला आधी कळवणं पुरेसं असतं. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तरीही कमिट्या 'एनओसी' (ना-हरकत पत्र) मागतात, भाडेकरूला मुलाखतीला बोलावतात, घरात काय शिजतं ते विचारतात. आणि नकार कधीच लेखी देत नाहीत. मालकाला फक्त एक फोन जातो. खासगी घरमालकाला धर्म-जात पाहून नकार द्यायला मज्जाव करणारा सरळ, सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तेव्हा लेखी काही नसलेल्या नकारापुढे माझ्यासारख्याचेही हात बांधले जातात.

हक्काच्या प्रकारानं किती फरक पडतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बाबासाहेबांचं. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना भाड्यानं घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही हुसकावून लावलं, आणि शेवटी नोकरी सोडून परतावं लागलं. मुंबईत त्यांचं कुटुंब परळला राहत होतं, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. हा ट्रस्ट प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारनं स्थापन केलेला. आणि १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत, चांगल्या पांढरपेशा सवर्ण वस्तीत, त्यांनी स्वतःचं राजगृह बांधलं. माणूस तोच, समाज तोच, काळही फार वेगळा नव्हता. खासगी भाड्याचं दार बंद राहिलं, सार्वजनिक चाळीचं आणि स्वतःच्या मालकीचं उघडलं. त्यांची असामान्य कर्तबगारी त्यात होतीच, आणि सर्वसामान्य दलित कुटुंबाला मालकीचं दार पैशाअभावी बंदच होतं, हे विसरून चालणार नाही. पण कोणत्या दारावर कोण उभा होता, ते यातून स्पष्ट दिसतं.

सार्वजनिक घर म्हणजे आपोआप मिसळण, असंही मात्र मानू नका. वरळीच्या बीडीडी चाळी सरकारीच, तिथे १९७४ मध्ये दलित पँथर आणि शिवसेनेचे लोक एकमेकांवर धावून गेले आणि दंगल पेटली. एका आवारात राहणं ही फक्त सुरुवात असते.

इथवरचा हिशेब असा: मालकाला नकार स्वस्त पडतो, कायद्याची धास्ती त्याला जातीकडे ढकलते, आणि सोसायटीला लेखी न देता नकार द्यायची सोय आहे. यातली एकही गोष्ट नुसते टॉवर वाढवून बदलत नाही.

मग बदलतं कुठे? म्हाडाच्या सोडतीत. तिथे शेजारी संगणक ठरवतो. सोडतीतून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांची सभासद यादी माझ्यासमोर येते तेव्हा आडनावांची जी सरमिसळ दिसते, ती त्याच रस्त्यावरच्या खासगी इमारतीत दिसत नाही. गणपतीची वर्गणी किती, पार्किंग कुणाला, यावरून भांडणं तिथेही होतात, पण ती पार्किंगचीच राहतात. सोडतीची मर्यादा वेगळी आहे. अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्न गट पाडून घरं दिली जातात, त्यामुळे जातीधर्मानं मिसळलेली इमारत उत्पन्नानं एकजिनसी राहते. आणि विक्रीची बंदी संपून फेरविक्री सुरू झाली की पुन्हा ओळखीच्या वाटेनं घरं जाऊ लागतात.

पागडीचं याच्या उलट. गिरगाव, लालबाग, भुलेश्वरला महिना काहीशे रुपये भाड्यात राहणारी कुटुंबं शहरातल्या सर्वांत महाग जमिनीवर टिकून आहेत, ती या कायद्यामुळेच. श्रीमंत-गरीब एका गल्लीत राहण्याचं मुंबईचं जे वैशिष्ट्य आपण मिरवतो, त्याचा मोठा वाटा गोठलेल्या भाड्याचा आहे. पण गोठलेल्या भाड्यानं माणसंही गोठतात. खोली कुणी सोडत नाही, सोडली तर पागडीच्या व्यवहारात मालकाचा हिस्सा आणि संमती लागते, आणि १९५० साली जी चाळ ज्या समाजाची होती ती आजही त्याचीच दिसते. उत्पन्नाची मिसळण टिकली, समाजाची झाली नाही.

पुनर्विकासाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या मुंबई-ठाण्याचा आकार तिथे ठरतोय. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ पासून पात्र कुटुंबाला मोफत घर मिळतं: आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. त्याचा खर्च विकासक त्याच जमिनीवर बांधलेली घरं खुल्या बाजारात विकून काढतो. कागदावर वाचलं तर हे आदर्श वाटतं, एकाच भूखंडावर कामगारही आणि कोटीवाला ग्राहकही. प्रत्यक्ष आराखडा टेबलावर पसरला की वेगळं दिसतं. विक्रीचा टॉवर रस्त्याकडे, पुनर्वसनाची इमारत मागे नाल्याला किंवा रेल्वेलाइनला लागून. दोन गेट. मध्ये भिंत. पोडियमवरची (पार्किंगच्या छतावरची) बाग, जिम विक्रीच्या बाजूला, तर मागच्या दोन इमारतींमधल्या अरुंद पट्टीत ऊन क्वचितच पोहोचतं. वॉर्डाच्या आकडेवारीत ही वस्ती मिश्र म्हणून मोजली जाईल, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांना ओळखणार नाहीत.

इथे माझं मत सरळ नाही. वेगळी इमारत ही पुनर्वसितांच्या सोयीचीही असते. टॉवरचा मेंटेनन्स महिना आठ-दहा हजारांवर गेला की घरकाम करणाऱ्या बाईला तो पेलवत नाही, आणि थकबाकीमुळे ती घर विकून निघून जाते. म्हणून भाडेकरू-झोपडीधारकांच्या वतीनं करार तपासताना मी एकाच इमारतीचा आग्रह धरत नाही. वेगळी सोसायटी, वेगळा हिशेब, पण गेट एक, आवार एक, मैदान एक, आणि पुनर्वसन इमारतीला रस्त्याकडची बाजू, यासाठी भांडतो. गेटचं कलम करारात घालायला विकासक जितका विरोध करतात तितका ते पाच चौरस फूट वाढवून द्यायलाही करत नाहीत. त्यावरूनच त्या कलमाची किंमत कळते.

तीच गोष्ट ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के छोटी घरं ठेवण्याच्या नियमाची. हेतू उत्तम, पण ती घरं दुसऱ्या जागी देण्याची मुभा त्याच नियमात आहे, आणि मुभा असली की ती वापरली जाते. प्रकल्पग्रस्तांचंही तसंच. रस्ते-रेल्वेसाठी हटवलेल्या हजारो कुटुंबांना मानखुर्द, वाशीनाका, माहुल इथे घरं मिळाली, म्हणजे जिथे जमीन स्वस्त तिथे. माहुलची हवा इतकी खराब की २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिथे जाण्याची सक्ती करता येणार नाही असं सांगून भाड्याचे पैसे द्यायला लावले. घरांचा आकडा वाढला, आणि गरिबांची वस्ती शहराच्या एका कोपऱ्यात आणखी दाट झाली. पुरवठा कुठे होतो, यावर इतकं अवलंबून असतं.

लोकांना आपापल्यात राहायला आवडतं का? काहींना आवडतं, आणि भाषा, देऊळ, मशीद, मासळीबाजार जवळ असावा वाटणं यात गैर काही नाही. पण आवड म्हणायची तर दुसरा पर्याय खुला असायला हवा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेली. त्याला मी आवड म्हणणार नाही. मुंब्र्यात मागणी एकदम वाढली, इतरत्र दारं बंद, आणि ती भूक भागवायला अनधिकृत इमारती भराभर उठल्या. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची अशीच एक बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. ज्यांना चांगल्या घरांच्या बाजारात प्रवेश नाही, त्यांच्यासाठी निराळा पुरवठा तयार होतो, आणि तो असा असतो.

सिंगापूरचं नाव कुणीतरी काढेलच, म्हणून तेही. तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी गृहमंडळाच्या घरांत ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं राहतात. १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये आणि परिसरात चिनी, मलय, भारतीय किती असावेत याची कमाल मर्यादा आहे. एकवट वस्त्या त्यामुळे रोखल्या गेल्या. पण एखाद्या ब्लॉकमध्ये मर्यादा भरली की विक्रेत्याला ठरावीक वंशाचाच ग्राहक शोधावा लागतो. ग्राहक कमी, भाव कमी, आणि हा फटका बहुधा अल्पसंख्याकांनाच बसतो. जवळजवळ सगळ्या घरांचा दाता सरकार आहे म्हणून ते हे करू शकतात. आपल्याकडे सरकारच्या हातात घरांचा लहानसा हिस्सा आहे. तो वाढवा, भाड्याची सार्वजनिक घरं बांधा आणि सोडतीनं द्या, हे मी म्हणेन. जातवार कोटा लावा असं म्हणणार नाही.

तुमच्या शोधाबद्दल आता. ज्या मालकाचा गृहकर्जाचा हप्ता चालू आहे त्याला घर रिकामं ठेवणं परवडत नाही, म्हणून वारशाच्या किंवा रोखीनं घेतलेल्या फ्लॅटपेक्षा असे फ्लॅट बघा. नुकताच ताबा सुरू झालेला प्रकल्प गाठा. तिथे एकाच वेळी शेकडो फ्लॅट भाड्याला निघतात, सोसायटी अजून स्थापन झालेली नसते, आणि घरं भरपूर असल्याचा जो फायदा तुम्ही शोधताय तो वर्षभर तरी खराच मिळतो. एजंटला टाळून मालकाशी थेट बोलता आलं तर बोला. पुष्कळ नकार मालकाचे नसतातच, एजंटनं आपल्या अंदाजानं आधीच गाळलेलं असतं. पहिल्याच भेटीत नोंदणीकृत करार, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती आणि डिपॉझिट बँकेतून, हे तुम्हीच पुढे करा. ताब्याची भीती असलेला मालक यावर बराच मवाळ होतो.

घर ठरल्यावर कमिटीनं आडकाठी केली तर मुलाखतीला जाऊ नका. मालकाकडून सोसायटीला भाडेकरू ठेवत असल्याचं साधं पत्र द्यायला सांगा, सोबत कराराची प्रत, आणि पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा. तो लेखी आला तर सहकार उपनिबंधकांकडे मालकाला तक्रार करता येते, आणि लेखी द्यायला सांगितल्यावर बहुतेक कमिट्या गप्प बसतात.